न ठणकलेलं बोट

दाभण बोटात घुसला तेव्हा थोरलीनं नुसतं "च्च" केलं आणि आधी पाहिलं ते पान. रक्ताचा डाग पडला नव्हता. मग तिनं डाव्या हाताचं मधलं बोट तोंडात धरलं, जरासं चोखलं, एप्रनला पुसलं आणि पुन्हा दाभण उचलला. समोर वाचनालयाच्या तळघरातून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडलेला. पानांना ओल लागलेली, कडा काळ्या पडलेल्या. गठ्ठ्याला भोकं पाडून होईपर्यंत टोचल्याची आठवणही उरली नाही.

"लागलं का गं?" धाकटीनं खळीच्या भांड्यातून मान वर न काढता विचारलं.

"कुठं काय."

"च्च केलंस."

"तुझे कान आहेत की सापळे?"

"एवढंच बरं चाललंय माझं, ते तरी चालू दे," धाकटी म्हणाली आणि पुन्हा खळ घोटायला लागली.

बांधणीच्या कामात टोचणं म्हणजे स्वयंपाकघरात चटका बसण्यासारखं. त्याचं कुणी कौतुक करत नाही. त्यांच्या वडिलांनी दुकानाला एक रीत घालून दिली होती. टोचलं की काम थांबवायचं नाही, वाट बघायची. संध्याकाळपर्यंत बोट ठणकायला लागलं, तर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सुईला हात लावायचा नाही. ठणकलं नाही, तर विसरून जायचं. वडील गेले, त्यांच्या हाताखालची माणसं गेली, पण त्या दुकानात टोचल्यामुळे कुणाचं बोट सडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ठणका आला की मीठपाणी, नाही आला की काम. त्या दिवशी संध्याकाळी थोरलीनं सवयीनं बोटाकडे लक्ष दिलं. बोट गप्प होतं. तिनं सोडून दिलं.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवं. गल्लीत तिला सगळे बाइंडरताई म्हणत. वडिलांना मुलगा नव्हता आणि त्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण थोरली शाळेतून आली की दप्तर टाकून थेट पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचं चाक फिरवायला उभी राहायची. "आधी हात धू," ते म्हणायचे, "पुस्तक म्हणजे कुणाच्या तरी घरचं माणूस असतं." तिच्या लग्नाचं दोन-तीनदा निघालं आणि राहिलं. धाकटीचं झालं, पण नवरा अकाली गेला; ती माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून बोलतच राहिली. थोरली कमी बोलायची, धाकटी दोघींच्या वाटचं बोलायची, आणि असं त्यांचं बरं जमलेलं होतं. खाली दुकान, वर राहायची खोली, मधे अरुंद जिना. जिन्यावर दोन्ही बाजूंना पुठ्ठे रचलेले, त्यामुळे अंग चोरून चढावं लागायचं.

काही वर्षांपूर्वी थोरलीचं सांध्यांचं दुखणं आलं, तेही तिच्या हातांतच. सुरुवातीला घडी दाबायची हाडाची पट्टी हातातून निसटायला लागली. मग सकाळी बोटं अशी आखडलेली असायची, की नळ फिरवायला तिला मनगट लावावं लागे. कपड्यांची बटणं धाकटी लावायची. सरसाचा ब्रश ती हाताला फडक्यानं बांधून घ्यायची. शेवटी सुई धरता येईना, तेव्हा शिवण धाकटीकडे गेली, आणि धाकटीची शिवण म्हणजे नुसता गोंधळ.

"ही रांग बघ," थोरली म्हणायची. "वाट फुटेल तिकडे गेलीय."

"मग पुस्तक वाचणाऱ्याला तेवढंच फिरून आल्यासारखं वाटेल," धाकटी म्हणायची. दोघी हसायच्या. पण थोरली मान फिरवून हसायची, कारण डोळ्यांत पाणी यायचं.

आणखी एक गोष्ट तिला लागायची, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. दुकान बंद करताना शेवटचं पुस्तक शिकंज्यात कसून झालं की वडील कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे राहायचे. मागणं काही नाही, नुसते हात जोडायचे. मुलींनीही ते चालू ठेवलं होतं. पण आता थोरलीचे तळवे एकमेकांना टेकेनात. मधे अशी पोकळी राही, की एखादी चिमणी आत बसावी. देवाला हात बघायचे नसतात, मन बघायचं असतं, हे तिला कळत होतं. तरी रोज अर्धवट नमस्कार करून कुलूप लावताना तिला कुणाचं तरी देणं ठेवून चालल्यासारखं वाटे.

गोळ्या झाल्या, त्यांनी पोट बिघडलं. दुसऱ्या गोळ्या झाल्या. मग सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी एक इंजेक्शन काढलं. पेनासारखं दिसणारं, फ्रीजमध्ये ठेवायचं, आठवड्यातून एकदा आपलं आपण मांडीत टोचायचं. देण्याआधी त्यांनी दोघींना समोर बसवून घेतलं.

"अंगात पहारेकरी असतात," त्या म्हणाल्या. "लाखो पेशी. त्यांना तोंड नाही, पण त्या एकमेकींना निरोप पाठवतात. एकीला काटा किंवा जंतू दिसला, की ती एक थेंब सोडते. तो थेंब म्हणजेच निरोप. तो जवळच्या रक्तवाहिनीला पोचला, की तिथली भिंत सैल होते आणि मदतीला आणखी पेशी येतात. त्यानं बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. निरोप मेंदूपर्यंत गेला, की ताप चढतो. यकृतापर्यंत गेला, की रक्तात एक पदार्थ वाढतो, तो आम्ही तपासून बघतो. काम झालं, की दुसऱ्या पेशी उलटा निरोप धाडतात, की पुरे आता, घरी जा."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात चोर आलेलाच नाही. पहारेकऱ्यांनी घरच्याच माणसाला चोर समजलंय. त्यात तो 'पुरे' कुणी ऐकत नाही. बोलावणं चालूच, येणं चालूच. तुमच्या सांध्यात ही गर्दी आहे."

"म्हणजे हिच्यासारख्याच," थोरली धाकटीकडे बघून म्हणाली. "पुरे म्हटलेलं ऐकतच नाहीत."

डॉक्टरबाई हसल्या आणि मग हसू आवरून पुढे म्हणाल्या, "हे इंजेक्शन पहारेकऱ्यांना मारत नाही. एका निरोपापुरते ऐकणाऱ्यांचे कान झाकतं. म्हणून आराम पडेल. पण उद्या खराच चोर आला, तरी तोच निरोप अर्धवट पोचेल. ताप येईलच असं नाही. सूज दिसेलच असं नाही. तेव्हा काहीही झालं, कितीही बारीक, तरी मला फोन. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर आधी हे इंजेक्शन सांगायचं."

थोरलीनं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला त्यातलं एकच राहिलं, की आराम पडेल.

आणि पडला. थंडी सरता सरता तिनं पुन्हा सुई धरली. पहिल्यांदा तळवे टेकले त्या संध्याकाळी ती हात जोडून इतका वेळ उभी राहिली, की धाकटी म्हणाली, "अगं, त्यालाही दुसरी माणसं असतील भेटायची." थोरलीचे हात तसेच जोडलेले राहिले. आपल्याला परत दिलेली वस्तू कुणी पुन्हा मागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. त्या दिवसापासून तिच्या आनंदाच्या बुडाशी एक भीती येऊन बसली, ती उठलीच नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती पांघरुणात मुठी वळून बघायची. वळल्या की मग डोळे उघडायची.

दाभण लागला त्याला काही दिवस झाले असतील. एका सकाळी मूठ वळली, पण डाव्या हाताचं मधलं बोट परत सरळ होताना अडखळलं. दुखलं असं नाही. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं झालं, एवढंच. थोरली तशीच पडून राहिली.

आलं, ती मनात म्हणाली. परत आलं.

टोचलेल्या जागेचा विचार तिच्या डोक्यात आला नाही असं नाही. तिनं बोट खिडकीशी नेऊन पाहिलं. मधल्या पेरापाशी बारीक ठिपका, त्यावर खपली. लाली नाही. ठणका नाही. थोडं भरल्यासारखं दिसत होतं, पण ती बोटं वर्षानुवर्षं भरलेलीच होती. टोचल्याचं असतं तर ठणकलं असतं, आणि ठणकत नव्हतं. म्हणजे हे जुनंच दुखणं. इंजेक्शनची ताकद कमी पडत चालली. डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणतील, याचा उपयोग होत नाही, बंद करा. मग पुन्हा नळाला मनगट, ब्रशला फडकं.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. शिवताना डावा हात पानांखाली ठेवायची, म्हणजे बोट दिसायचं नाही. दुपारी वाचनालयाचे ग्रंथपाल आले. उंच, वाकलेले, शिंकल्याशिवाय पुस्तक न उघडणारे गृहस्थ.

"बाइंडरताई, आमचे वर्तमानपत्रांचे खंड कुठवर आलेत? नवीन दालन उघडायची तारीख आली, आणि कपाटं रिकामी ठेवून चालणार नाही."

"होतायत, सर."

"तुमच्या हातची शिवण हवी हो. मागच्या वेळेसारखं नको. मागच्या वेळी एक खंड उघडला, तर पानांनी आपापला मार्ग धरला."

"ते माझे होते," धाकटी आतून ओरडली. "मी पानांना मोकळीक देते!"

ग्रंथपाल हसत गेले. थोरलीही हसली. त्यांच्या पाठीमागे तिनं दोरा ओढला, तर तो सैल पडला. डाव्या हातानं गठ्ठा धरून ठेवायचा असतो आणि मधल्या बोटानं आधार द्यायचा असतो. ते देत नव्हतं. तिनं दोरा उसवला, पुन्हा ओवला. कपाळावर घाम आला होता, पण अंग थंड होतं.

दुसऱ्या दिवशी मेणाचा दोरा आणायचं सांगून ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. लहानपणापासूनचे डॉक्टर, पाच मिनिटांत मोकळं करणारे. ते तरी "बंद करा" म्हणणार नव्हते. त्यांनी बोट चेपून पाहिलं. "दुखतं?"

"दाबलं तर जरासं."

तापमापक लावला. ताप नव्हता. "टोचलं-बिचलं होतं का?"

"आमच्यात रोजच टोचतं."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"आता एकही नाही," थोरली म्हणाली, आणि हे सांगताना तिला जरा अभिमानच वाटला. गोळ्या खरंच नव्हत्या. त्यांनी इंजेक्शनाचं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. विसरली म्हणावं, तर विसरलीही नव्हती. ते तिच्या आणि डॉक्टरबाईंच्या मधलं, सांध्यांचं. बोटाला टोचण्याशी त्याचा काय संबंध, असं तिच्या मनानं आपल्याशीच ठरवून टाकलं होतं.

रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रक्तात सूज अजिबात नाही, अगदी तरुण मुलीसारखं आहे. कामाचा ताण असेल, शेकत राहा.

आता एखाद्याला हायसं वाटलं असतं. थोरलीला वाटलं नाही. ताप नाही, ठणका नाही, रक्त साफ, आणि बोट तर आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकलेलं. सगळे मिळून सांगत होते की काही नाही, आणि ते एकटं बोट म्हणत होतं की आहे. कुणाचं खरं मानायचं? तिनं सगळ्यांचं मानलं आणि बोटाला जुन्या दुखण्याच्या खात्यात टाकलं. त्यावर एकच इलाज तिला माहीत होता. इंजेक्शनाची तारीख परवा होती. आजच घेतलं तर?

संध्याकाळी धाकटी खाली शिकंजा लावत असताना ती वर गेली, फ्रीजमधून पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते गार घेतलं की चुरचुरतं, म्हणून अर्धा तास बाहेर ठेवायचं असतं. आज तिला तो अर्धा तासही जड वाटत होता. खालून हाक आली, "ताई, चल, हात जोड, कुलूप लावते!"

ती खाली गेली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. थोरलीनं डोळे मिटले आणि हात जोडले. देवा, एवढे खंड होऊ देत. मग काय घ्यायचं ते घे.

डोळे उघडले, तर धाकटी देवाकडे बघत नव्हती. तिच्या हातांकडे बघत होती.

"हे काय?"

"काय?"

"बाकीची बोटं टेकलीत. हे एकटंच मागं राहिलंय. आकड्यासारखं." धाकटीनं हात पुढं करून ते बोट धरलं आणि सहज सरळ करायला गेली. थोरली अशी ओरडली, की शिकंज्यावरचा दिवा हलल्यासारखा वाटला.

धाकटीनं हात सोडला नाही, नुसता अलगद धरला.

"कधीपासून?" धाकटीचा आवाज एकदम बारीक झाला होता. ती बारीक आवाजात बोलली, की थोरलीला भीती वाटायची.

"जुनंच आहे. उलटलंय. मी आज इंजेक्शन लवकर घेणार आहे, म्हणजे..."

"जुनं एका बोटाला येतं का गं? तुला आलं तेव्हा दोन्ही हातांना आलं होतं. मी बटणं लावलीत तुझी, मला विचार." ती बोट उजेडात फिरवून बघत होती. तिला ठिपका दिसला. "त्या दिवशी च्च केलंस, ते हेच ना?"

"ठणकलं नाही ते. ठणकलं असतं, तर मी पाण्यात बुडवलं नसतं का?"

"ठणकणार कसं?" धाकटी ओरडलीच. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? कान झाकलेत म्हणाल्या होत्या! तू मान हलवत होतीस, तेव्हा ऐकत होतीस की नुसती हलवत होतीस?"

थोरली खाली स्टुलावर बसली. वडिलांची सगळी रीत जिच्यावर उभी होती, तीच गोष्ट आपण दर आठवड्याला आपल्या हातानं बंद करत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

धाकटीनं फोन लावला. पलीकडे दवाखान्यातली नर्स होती. ती दोन वाक्यं ऐकून "थांबा" म्हणाली, आणि मग डॉक्टरबाईच बोलायला आल्या.

"इंजेक्शन घेतलं का?"

"टेबलावर काढून ठेवलंय."

"घेऊ नका. परत फ्रीजमध्येही ठेवत बसू नका. आत्ता निघा. आत्ता म्हणजे आत्ता. मी हाताच्या सर्जनना कळवते. आणि काही खाऊ-पिऊ नका."

गाडीत धाकटी एक अक्षर बोलली नाही. थोरलीला वाटलं, बोल गं काहीतरी. खिडकीबाहेर दुकानं बंद होत होती. तिनं डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता, कुणाच्या तरी झोपलेल्या मुलासारखा, आणि त्यात काही हालचाल कळते का, ते ती ऐकत होती. काही कळत नव्हतं. हेच सगळ्यात भीतीचं होतं. मनात देवाचं नाव घ्यायला गेली, तर नावाच्या जागी एकच वाक्य यायचं, बोट राहू दे, बोट राहू दे. आणि मग तिला लाज वाटायची, की जीव राहू दे असं आधी म्हणायला हवं होतं.

सर्जननी बोट बघितलं आणि लगेच आत घेतलं. बोट वाकवणारी जी दोरी असते, ती एका बारीक नळीतून सरकते. दाभण त्या नळीत गेला होता, आणि तळघरातल्या कागदांवरची, नाहीतर तोंडातलीच, घाण तिथं वाढत बसली होती. नळीला दोन छेद देऊन ती धुऊन काढली. आणखी एक-दोन दिवस गेले असते, तर दोरी कुजली असती, असं ते म्हणाले. आणखी एक इंजेक्शन घेतलं असतं, तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि धाकटीनं विचारलं नाही.

सकाळी डॉक्टरबाई आल्या. थोरलीचा हात उशीवर, बांधलेला, वर टांगल्यासारखा.

"मी त्यांना इंजेक्शनाचं सांगितलं नाही," थोरली त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना. त्यांनी गोळ्या विचारल्या, म्हणून."

"हं. सांगितलं असतं, तर रक्त साफ आहे म्हणून ते थांबले नसते. तुमचं रक्त साफच येणार होतं. निरोप निघाला होता हो, पण यकृताला ऐकू गेला नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या नाहीत, आणि त्यानं थोरलीला जास्त वाईट वाटलं. "बोट मात्र वाकलं, कारण त्याला निरोप लागत नाही. नळीत पू भरला, जागा उरली नाही, वाकलं."

"आता इंजेक्शन बंद?"

"जखम भरेपर्यंत बंद."

"आणि मग?"

"मग तुम्ही ठरवायचं. नाही घेतलं, तर हात पुन्हा आखडणार. घेतलं, तर असं पुन्हा होऊ शकतं. होईलच असं नाही."

"तुमच्या बहिणीला काय सांगितलं असतं?"

डॉक्टरबाईंनी उशीवरचा तिचा हात जरा वर सरकवला. "घे म्हणाले असते. आणि रोज फोन करून छळलं असतं."

जखम भरायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत जुनं दुखणं आपली जागा शोधत परत आलं. आधी मनगटं-बोटं, मग गुडघे. रात्री हात ठणकायचे, असे ठणकायचे, की थोरली उठून बसायची. ज्या ठणक्याची ती टोचल्यावर वाट बघत होती, तो आता आला होता आणि त्याला काही अर्थ नव्हता. कुठं काटा नाही, जंतू नाही, नुसती बोंब. धोका होता तेव्हा सगळं शांत, आणि आता धोका नाही, तर हा कल्लोळ. अशा शरीराच्या भरवशावर राहायचं तरी कसं?

खंड धाकटीनं शिवले. ग्रंथपाल न्यायला आले, त्यांनी एक उघडून पाहिला, शिंकले, आणि म्हणाले, "जरा फिरतंय, पण पोचतंय." धाकटी दिवसभर त्यावर खूष होती.

"मी परत सुरू करणार आहे," थोरली त्या संध्याकाळी म्हणाली.

धाकटी पुठ्ठा कापत होती. कात्री थांबली. "मला भीती वाटते."

"मला नाही वाटत की काय? पण या हातांनी मी नुसती बसून राहिले, तर तू मला बोलून बोलून मारशील. त्यापेक्षा ते बरं."

धाकटी हसली नाही. थोड्या वेळानं तिनं कापलेल्या तुकड्यांतून एक अरुंद पट्टी उचलली. "हात जोड बघू."

"अजून कुलूप कुठं लावलंय."

"जोड गं."

थोरलीनं हात जोडले. छेदाच्या व्रणानं मधलं बोट आता पुरतं सरळ होत नव्हतं. सर्जननी सांगितलंच होतं, की एवढं राहील. दोन मधल्या बोटांमध्ये फट राहात होती. धाकटीनं त्या फटीत पट्टी घालून बघितली. जाड होती. दुसरी घेतली, ती पडली. मग एक पातळ पुठ्ठा निवडून, कडेनं जरा घासून, पुन्हा घातली. ती नेमकी बसली.

"हे माप," ती म्हणाली. "रोज दुकान बंद करताना घालणार. सैल झाली तरी फोन, शिरेना झाली तरी फोन. तुझ्या अंगातले बोलत नाहीत ना, मग मी बोलते."

डॉक्टरबाईंना सांगितलं, तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या, आणि मग म्हणाल्या, पट्टी ठेवा, चांगली आहे. पण टोचलं, कापलं, खोकला झाला, की फोन. पट्टी काही म्हणो, नाहीतर न म्हणो. ठणक्याची वाट बघायची नाही. धाकटीनं ते खडूनं शिकंज्याच्या वरच्या फळीवर लिहून टाकलं, अगदी वडिलांच्या फोटोखाली. थोरलीला ते पहिल्यांदा बघवेना. वडिलांची रीत पुसल्यासारखं वाटलं. मग तिला वाटलं, त्यांनीच लिहिलं असतं.

पहिलं इंजेक्शन तिनं रविवारी घेतलं. त्यानंतरच्या आठवड्यात हात हळूहळू शांत होत गेले, आणि जसजसे शांत झाले, तसतशी तिची झोप कमी झाली. सकाळी मूठ वळून झाली, तरी ती लगेच डोळे उघडायची नाही. आणखी काही ऐकू येतं का, ते बघत राहायची.

एका संध्याकाळी काम उरकलं. शिकंजा कसून झाला. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. थोरलीनं हात जोडले, आणि तिला आज मागायला काही सुचेना. धाकटीनं खिशातून पट्टी काढली, कडा मळून काळी झालेली, आणि फटीत सरकवली.

पट्टी जराशी हलली.

धाकटीनं श्वास रोखला. "हात नीट जोड. ढिले सोडलेस तू."

थोरलीनं तळवे घट्ट टेकवले. धाकटीनं पट्टी पुन्हा घातली आणि हात काढून घेतला. पट्टी उभी राहिली, पडली नाही.

"बसली," धाकटी म्हणाली.

"बसली ना?"

"बसली म्हणतेय ना."

तरीही कुणी जागची हलली नाही. दिव्याच्या उजेडात त्या दोघी, जोडलेल्या हातांमधल्या त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे, आणखी थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग धाकटीनं पट्टी काढून खिशात टाकली आणि कुलूप शोधायला गेली.